पावती नसलेला ग्राहक



१९९८ सालच्या ऑगस्ट महिन्यात दिल्लीच्या रुग्णालयांत एका चमत्कारिक आजाराचे रोगी येऊ लागले. दोन्ही पाय सुजून जड झालेले, कातडी तांबूस पडलेली आणि बोट लावताच ठणकणारी. कोणाला जुलाब, कोणाला चार पावले टाकताच धाप, कोणाची छाती दडपलेली. काहींच्या डोळ्यांत काचबिंदूची लक्षणे दिसत होती. विशेष हे की, असे रोगी एकेकटे येत नसत. एका घरातील आईबाप, आजी, शाळेत जाणारी मुले अशी सगळी बरोबरच येत. अंगावर पिणारे तान्हे मूल तेवढे बहुधा सुटलेले असे. जाणत्या वैद्यास एवढी खूण पुरेशी होती. एका चुलीवर शिजलेले अन्न खाणाऱ्या सर्वांना जो आजार ग्रासतो आणि ते अन्न न खाणाऱ्याला सोडून देतो, त्याचे मूळ त्या चुलीपाशीच शोधावयास हवे. शोध मोहरीच्या तेलापाशी येऊन थांबला. त्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळलेले होते. काही आठवड्यांत दिल्लीत व आसपासच्या प्रदेशात रोग्यांची संख्या हजारांवर गेली आणि एकट्या दिल्लीत साठाहून अधिक माणसे दगावली.

ग्राहकाच्या हक्कांविषयी बोलताना वक्ते बहुधा १९६२ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी काँग्रेसला पाठविलेल्या संदेशापासून आरंभ करतात, १९८५ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांना स्पर्श करतात आणि हक्कांची यादी वाचून दाखवितात. ती यादी खोटी नाही. परंतु हक्क हा शब्द कोणत्या माणसाच्या हातात काय देतो, हे यादीवरून कळत नाही. एखाद्या वस्तूचा माग घेत गेले म्हणजे ते कळते. यास्तव येथे मोहरीच्या तेलाचाच माग घ्यावयाचा आहे: शेतापासून घाण्यापर्यंत, घाण्यापासून दुकानापर्यंत, आणि तेथून न्यायासनापर्यंत.

या आजाराचे वैद्यकातील नाव साथीचा जलशोफ असे आहे. नाव जुने आणि दिशाभूल करणारे आहे, कारण ही साथ नव्हे. एका माणसापासून दुसऱ्यास हा आजार लागत नाही. कलकत्त्यात १८७७ साली त्याची पहिली नोंद झाली तेव्हा मात्र तो संसर्गजन्य असावा असेच वाटले होते. पुढे कित्येक वर्षे त्याची बेरीबेरीशी गल्लत होत राहिली आणि खराब तांदळावर संशय घेतला गेला. मोहरीच्या तेलाकडे आणि त्यातील पिवळ्या धोत्र्याकडे बोट दाखविले गेले ते १९२६ मध्ये. त्यानंतरच्या दशकात कलकत्त्याच्या संशोधकांनी (त्यांत रामनाथ चोप्रा व आर. बी. लाल यांची नावे प्रामुख्याने येतात) स्वयंसेवकांना हे तेल देऊन आजाराची लक्षणे उत्पन्न होतात असे दाखवून दिले. १९४८ मध्ये त्यातील सँग्विनारीन हे विषारी अल्कलॉइड वेगळे काढण्यात आले. या विषाने शरीरातील सूक्ष्म रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून द्रव ऊतकांत झिरपतो आणि हृदयावर भार पडतो. म्हणजे दिल्लीची घटना घडली तेव्हा हे ज्ञान पन्नास वर्षांचे जुने झालेले होते. हिंदी मजूर जेथे जेथे मोहरीचे तेल घेऊन गेले, त्या मॉरिशससारख्या दूरच्या बेटांवरही हा आजार गेला होता. अज्ञानामुळे माणसे मेली असे १९९८ साली कोणासही म्हणता आले नसते.

पिवळा धोत्रा महाराष्ट्रातील वाचकांनीही पाहिलेला असतो. निळसर हिरवी काटेरी पाने, तोडताच पाझरणारा पिवळा चीक, पिवळे नाजूक फूल. रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीत, नदीकाठच्या पोयट्यात तो आपोआप उगवतो. मूळचा तो मेक्सिकोकडचा. त्यास कोणी पेरीत नाही, कोणी पाणी घालीत नाही, त्यावर कोणी खंडही भरीत नाही. त्याची बोंडे उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळून फुटतात, मोहरीची कापणी उरकण्याचाही तोच सुमार. बी काळपट, गोल, मोहरीएवढे. भिंगाखाली धरले तर त्यावरची जाळीदार नक्षी ओळखू येते. पण पोत्यात हात घालून धान्य पारखणाऱ्याजवळ भिंग नसते. शिवाय मोहरीच्या तेलाचा स्वभावच असा की, त्याच्या नाकात जाणाऱ्या झणक्याखाली बरेच काही लपून जाते. बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, आसाम या प्रांतांतील गृहिणी तेलाची परीक्षा या झणक्यावरूनच करते. शेंगदाण्याच्या वा करडईच्या तेलावर वाढलेल्या माणसास तो उग्र वाटेल. तेथील स्वयंपाकघरात तो सचोटीचा पुरावा समजला जातो.

हे बी तेलात येते कसे, याविषयी दोन मते मांडली गेली. एक असे की, शेतातील तण कापणीच्या वेळी मोहरीबरोबर येते आणि घाण्यात जाते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. दुसरे असे की, फुकट मिळणारे बी गोळा करून जाणूनबुजून मिसळले जाते. दोन्ही गोष्टी घडत असतात. ज्याचे पाय सुजले त्याच्या दृष्टीने या वादास अर्थ नाही. शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाच्या दृष्टीने मात्र त्यास फार अर्थ आहे. तपासणीची रीत मात्र दोन्ही प्रसंगी एकच, आणि ती मुळीच अवघड नाही. काचेच्या नळीत थोडे तेल घेऊन त्यात तीव्र नत्राम्ल घातले की, पिवळ्या धोत्र्याचे प्रमाण पुरेसे असल्यास नारिंगी-तांबडा रंग येतो. अल्प प्रमाण ओळखण्यासाठी फेरिक क्लोराइडची आणि त्याहूनही सूक्ष्म अशी कागदी वर्णलेखनाची रीत आहे. पहिल्या परीक्षेस महाविद्यालयातील प्रयोगशाळेपेक्षा अधिक काही लागत नाही. ती घाण्यावर का होत नाही, बाजार समितीच्या आवारात का होत नाही, हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

आता दुकानाकडे वळू. मोहरीचे तेल विकत घेणारे दोन प्रकारचे लोक आहेत. एक, महिन्याचा डबा एकदम आणणारे; त्यांच्या डब्यावर कारखान्याचे नाव, ठसा, वजन असते, बहुधा अ‍ॅगमार्कची खूणही असते. (प्रतवारीच्या या खुणेचा कायदा १९३७ चा आहे, ती घेणे न घेणे खाद्यतेलांच्या बाबतीत प्रायः उत्पादकाच्या इच्छेवर राहिले.) दुसरे, ज्यांच्या घरी मजुरी रोजची येते आणि म्हणून तेलही रोजचेच येते. असा माणूस गळ्यास दोरी बांधलेली बाटली घेऊन संध्याकाळी दुकानावर उभा राहतो. दुकानदार पिंपातून पळीने तेल काढतो, नरसाळ्यातून बाटलीत ओततो, पैसे गल्ल्यात टाकतो. व्यवहार संपला. या व्यवहारात कागदाचा एक कपटाही जन्मास येत नाही. चार दिवसांनी पाय सुजेपर्यंत ते तेल पोटात गेलेले असते, पिंपात नवे तेल पडलेले असते, आणि बाटली धुऊन निघालेली असते.

तशात दुकानदारापाशी तरी कागद असतो काय? बहुधा नसतो. तोही घाण्यावरून वा अडत्याकडून सुटेच तेल उचलतो. येथे १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम कसा चालत असे, हे पाहण्याजोगे आहे. त्या कायद्याच्या एकोणिसाव्या कलमान्वये माल भेसळीचा आहे हे आपणास ठाऊक नव्हते, असा बचाव विक्रेत्यास घेता येत नसे. ही तरतूद आवश्यकच होती. अन्यथा प्रत्येक दुकानदार हात वर करून मोकळा झाला असता. परंतु त्याच कलमात सुटकेची एक वाटही होती: ज्याने माल लेखी हमीपत्रावर विकत घेतला आणि जसाच्या तसा विकला, तो सुटू शके, आणि मग हमी देणारा अडके. चौदाव्या कलमाने उत्पादकावर व घाऊक व्यापाऱ्यावर अशी हमी देण्याचे बंधन घातले होते. कागदावर ही साखळी अखंड आहे. पेठेत ती पहिल्याच कडीशी तुटते. कारण ज्यास हमीपत्राची सर्वांत अधिक गरज, तो लहान दुकानदार बिलाची मागणी करीत बसला तर त्यास उधारीवर तेल मिळत नाही. परिणामी खटला भरला जाई तो बहुतेक पिंपाच्या धन्यावर. पिंप भरून देणारा क्वचितच न्यायालयाच्या पायऱ्या चढे. १९७६ च्या दुरुस्तीने, अशा अन्नामुळे मृत्यू वा गंभीर इजा होण्याचा संभव असल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवण्यात आली. शिक्षा वाढली, साखळी होती तशीच राहिली. आपल्याकडील कायदे करणाऱ्यांचा असा एक समज दिसतो की, तुरुंगवासाची मुदत वाढविली म्हणजे गुन्हेगार सापडतो.

तेलाच्या भेसळीने दहाच वर्षांपूर्वी आणखी एक इशारा दिलेला होता. १९८८ मध्ये कलकत्त्याच्या बेहाला भागात मोहरीच्याच जातीच्या रेपसीड तेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट हे कारखान्यात वापरण्याचे रसायन आले आणि शेकडो माणसांच्या हातापायांतील शक्ती गेली. त्यानंतर चौकशा झाल्या, वृत्तपत्रांतून अग्रलेख आले. तेल मात्र पूर्ववत पिंपातूनच विकले जात राहिले.

याच दरम्यान देशात ग्राहकांच्या चळवळीने चांगले मूळ धरले होते. मुंबईत १९६६ साली काही गृहिणींच्या पुढाकाराने कंझ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था निघाली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. अहमदाबादेत १९७८ मध्ये ग्राहक शिक्षण व संशोधनाचे केंद्र उभे राहिले. यांपैकी मुंबई ग्राहक पंचायतीची पद्धत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. शेजारची काही कुटुंबे एकत्र येतात, महिन्याच्या जिनसांची मागणी एकत्र नोंदवितात, आणि पंचायत तो माल मुळाशी जाऊन घाऊक खरेदी करून या गटांत वाटते. एकटे घर जे विचारू शकत नाही ते हजारो घरांची मागणी विचारू शकते: माल कोठला, दर काय, प्रत कोणती. मात्र यासाठी महिन्याचे पैसे महिन्याच्या आरंभी हातात असावे लागतात. बाटलीवाला माणूस येथेही दाराबाहेरच राहिला. हा पंचायतीचा दोष म्हणता येणार नाही. ज्याची मिळकतच रोजची, त्याची खरेदी महिन्याची कशी व्हावी?

चळवळीच्या या रेट्यातून २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली. हा कायदा खरोखरच नव्या वळणाचा होता. वकिलाची सक्ती नाही, साध्या अर्जावर तक्रार, जिल्ह्यापासून राष्ट्रीय पातळीपर्यंत तीन पायऱ्या. आणि केवळ विकत घेणाराच नव्हे, तर त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक. म्हणजे बाप तेल आणतो आणि मुलगी आजारी पडते, तर तीही ग्राहकच. नोंदलेल्या ग्राहक संस्थांना आणि सरकारलाही तक्रार करण्याची मुभा त्यात होती. पावती असलीच पाहिजे असे कायद्यात कोठेही म्हटलेले नाही. किंमत दिली, एवढे पुरे. तथापि किंमत दिली हे शाबीत कसे करावयाचे? सदोष पंखा घेऊन मंचापुढे जाता येते, न चाललेली शिवणयंत्रे दाखविता येतात. संपलेले तेल दाखविता येत नाही. कायदा माणसास दार उघडून देतो आणि दारावरचा पहारेकरी त्याच्याजवळ नेमका तो कागद मागतो, जो त्याच्या व्यवहारात कधी लिहिलाच गेला नव्हता.

दिल्लीच्या घटनेनंतर केंद्र सरकारने हालचाल केली ती या दिशेने. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू अधिनियमाखाली सप्टेंबर १९९८ मध्ये खाद्यतेलांच्या वेष्टनाचा आदेश काढण्यात आला. यापुढे खाद्यतेल बंद वेष्टनातूनच विकावे, वेष्टनावर बांधणाऱ्याचे नाव-पत्ता असावा, त्याने नोंदणी करावी, त्याच्यापाशी तपासणीची सोय असावी, असा त्याचा आशय. पावती देता येत नसेल तर वेष्टन हीच पावती, असा विचार यामागे होता असे म्हणता येईल. आणि तो विचार योग्य होता. पिशवीवर छापलेले नाव चार दिवसांनीही पुसले जात नाही.

परंतु या आदेशावर आक्षेप आले आणि ते उडवून लावण्याजोगे नव्हते. गावोगावचे तेली आणि लहान घाणेवाले म्हणाले: आमच्यापाशी यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही, आम्ही गिऱ्हाइकासमोर मोहरी गाळतो, त्याची पेंडही त्यालाच देतो, आमच्या तेलात विष असते तर आमचीच मुले प्रथम आजारी पडली असती. आदेशाने बाजार मोठ्या कारखान्यांच्या हाती जाईल, आणि मोहरीच्या जागी आयात केलेली तेले येतील, ही भीतीही उघड बोलून दाखविण्यात आली. दुसरा आक्षेप गिऱ्हाइकाच्या बाजूचा. पिशवीचा, छपाईचा, बांधणीचा खर्च शेवटी तेलाच्या दरातच जातो. आणि लहान पिशवीवर तो मोठ्या डब्याहून प्रमाणाने अधिक पडतो. म्हणजे संरक्षणाची किंमत सर्वांत जास्त द्यावयाची ती सर्वांत गरिबाने. ही तक्रार ध्यानी घेऊनच की काय, लोकहितार्थ सूट देण्याचा अधिकार आदेशातच राज्य सरकारांना ठेवण्यात आला. पुढे २०११ च्या अन्नसुरक्षा नियमावलीतही सुट्या तेलाच्या विक्रीस मनाई आणि राज्यांना सूट देण्याची मुभा अशी जोडी कायम राहिली. सुटे तेल आजही अनेक ठिकाणी विकले जाते; काही ठिकाणी सवलतीमुळे, काही ठिकाणी कोणी विचारीत नाही म्हणून.

या आदेशातील खरी उणीव वेगळ्याच ठिकाणी आहे. बंद पिशवी म्हणजे शुद्ध पिशवी नव्हे. जे बी पोत्यात आले ते पिशवीतही येणारच. वेष्टनाने फार तर ते कोणाच्या कारखान्यातून आले एवढे समजते, आणि तेही माणूस आजारी पडल्यावर. नत्राम्लाची परीक्षा जर बियांच्या बाजारात किंवा घाण्याच्या तोंडाशी झाली, तर तिचा खर्च हजारो बाटल्यांत विभागला जातो आणि कोणत्याही एका गिऱ्हाइकास तो जाणवत नाही. दहा-वीस घाण्यांच्या गटास एक फिरता तपासनीस देणे, तेलबियांच्या बाजारात पोते उतरतानाच नमुना घेणे, ही कामे सरकारच्या आवाक्याबाहेरची नाहीत. पिशवीची सक्ती करण्यास राजपत्रात एक आदेश छापावा लागतो. तपासनीस नेमण्यास दरमहा पगार द्यावा लागतो. धोरणे ठरविताना या दोहोंतील कोणता खर्च कोणाच्या माथी पडतो, याकडे पाहिले म्हणजे अनेक निर्णयांचा उलगडा होतो.

तेलानेच घडविलेल्या दुसऱ्या एका अनर्थाशी येथे तुलना करणे उपयुक्त ठरेल. १९८१ च्या मे महिन्यात स्पेनमध्ये माद्रिदच्या परिसरात फुप्फुसांचा एक अनोळखी आजार सुरू झाला. तेथेही प्रथम संसर्गाचा संशय घेतला गेला आणि तेथेही माग शेवटी तेलापर्यंत गेला. फ्रान्समधून कारखान्यांसाठी आणलेले रेपसीड तेल खाण्यात येऊ नये म्हणून त्यात मुद्दाम अ‍ॅनिलीन घातलेले असे. काही व्यापाऱ्यांनी ते पुन्हा शुद्ध केल्याचे भासवून कामगार वस्त्यांतून, पाच लिटरच्या बिननावाच्या प्लास्टिकच्या डब्यांतून, फिरत्या विक्रेत्यांकरवी ऑलिव्हचे तेल म्हणून विकले. वीस हजारांहून अधिक लोक बाधित झाले आणि त्यांपैकी शेकडो मरण पावले. डब्यावर नाव नाही, हातात पावती नाही. गिऱ्हाईक अगदी आपल्या बाटलीवाल्यासारखेच. तेथील सरकारने तेव्हा एक साधी गोष्ट केली. ज्याच्या घरी संशयित तेल असेल त्याने ते आणून द्यावे आणि मोबदल्यात शुद्ध ऑलिव्ह तेल न्यावे. यामुळे विष घरातून निघाले, आणि पावती नसतानाही कोणाकडे काय होते याची नोंद तयार होण्यास साहाय्य झाले. गरिबाने घरातले तेल फेकून द्यावे असे सांगणे सोपे असते. ते भरून दिल्याशिवाय तो ते फेकीत नाही, हे तेथे ओळखले गेले.

खटले मात्र वर्षानुवर्षे चालले. व्यापाऱ्यांना शिक्षा झाल्या, परंतु त्यांच्यापाशी भरपाईपुरता पैसा नव्हता. अखेरीस १९९७ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी, स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने शासकीय अधिकाऱ्याच्या हलगर्जीपणाबद्दल राज्यसंस्थेवरच नुकसानभरपाईची जबाबदारी ठेवली. तेल विकणारा दिवाळखोर असला तरी तेलावर नजर ठेवणारा दिवाळखोर नव्हता.

आपल्याकडे १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सार्वजनिक संस्थाही ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात आणि दोषी अधिकाऱ्याकडून भरपाईची रक्कम वसूल करता येते, असा महत्त्वाचा निर्णय दिला होता. पण तो प्रश्न घरे बांधून देण्याचा, म्हणजे पैसे घेऊन दिलेल्या सेवेचा होता. अन्ननिरीक्षकाने न घेतलेला नमुना ही कोणी पैसे देऊन विकत घेतलेली सेवा नव्हे. त्या वाटेने बाटलीवाला पुढे जाऊ शकत नाही.

तथापि कायदा अगदीच जागच्या जागी राहिला असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००२ साली ग्राहक कायद्यात एक दुरुस्ती झाली. तिची चर्चा फारशी झाली नाही. वस्तुतः प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची म्हणावी लागेल. सहजासहजी ओळखता न येणाऱ्या अशा मोठ्या संख्येच्या ग्राहकांचे नुकसान झाले असल्यास, मंचाने दोषी विक्रेत्यास वा उत्पादकास ठराविक रक्कम भरण्याचा आदेश द्यावा, आणि ती सदोष मालाच्या किमतीच्या पाच टक्क्यांहून कमी नसावी, असे तिने सांगितले. पावती नसलेला माणूसही ग्राहक असतो, तो मोजता आला नाही तरी त्याचे नुकसान झालेले असते, ही गोष्ट येथे प्रथमच विधिनियमाच्या भाषेत आली. २०१९ च्या नव्या अधिनियमाने, जो २० जुलै २०२० पासून अमलात आला, हे प्रमाण पंचवीस टक्क्यांवर नेले. उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण घातले. आणि धोकादायक माल बाजारातून परत घेण्याचा आदेश देऊ शकणारे केंद्रीय प्राधिकरण उभे केले. तत्पूर्वी २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमाने १९५४ च्या कायद्याची जागा घेतली होती. त्याच्या पासष्टाव्या कलमात असुरक्षित अन्नामुळे मृत्यू आल्यास किमान पाच लाख रुपये भरपाई ठेवलेली आहे. मोहरीच्या तेलात दुसरे खाद्यतेल मिसळून विकण्याची जी मुभा होती, तीही जून २०२१ पासून काढून घेण्यात आली. झणक्याआड लपण्याची एक सोय त्यामुळे कमी झाली.

एवढे सर्व झाल्यावर बाटली घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे पुन्हा पाहू. समजा, त्यास तेलाचा संशय आला आणि कायद्याने दिलेला अधिकार त्याने वापरावयाचे ठरविले. हा अधिकार त्यास १९५४ पासून आहे, आणि २००६ च्या अधिनियमाच्या चाळिसाव्या कलमात तो जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा आलेला आहे. कोणीही ग्राहक विकत घेतलेले अन्न शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. माल नियमबाह्य ठरल्यास शुल्क परत मिळते. अट एकच. आपण हे तेल तपासणीसाठी नेत आहोत, असे त्याने खरेदीच्या वेळीच दुकानदारास सांगितले पाहिजे. तेव्हा त्याने संध्याकाळच्या गर्दीत, ज्याच्याकडे त्याची मागची उधारी आहे त्या दुकानदारासमोर उभे राहून, बाटली पुढे करता करता हे वाक्य उच्चारावयाचे. आणि नमुन्यास पुरेल एवढे तेल एकदम मागावयाचे, जेवढे त्याच्या घरी एका वेळी कधी आलेलेच नसते. दुकानदार अशा वेळी कोणत्या पिंपात पळी बुडवील, याविषयी कलमात काही म्हटलेले नाही.